बेळगावहून मुरगावच्या धक्क्यापर्यंत

[दृश्य: बेळगाव कॅम्पमधलं एक घर. लोकरीचे गुंडे, सुयांवर अर्धी विणलेली टोपी.]

गोव्यातल्या मुरगाव बंदरात जहाजांवरच्या खलाशांना भेटायला जाताना बेळगावच्या चर्चमधले आम्ही स्वयंसेवक त्यांच्यासाठी लोकरीच्या टोप्या विणून नेतो. आठ नंबरच्या सुईवर ११२ टाके. दोन सुलट, दोन उलट, हीच वीण माथ्याजवळ टाके कमी करायची वेळ येईपर्यंत. एका टोपीला ७० ते ८० ग्रॅम लोकर पुरते. वर गोंडा लावायचा नाही. डेकवर काम करताना टोपीवर हेल्मेट चढतं. गोंडा किंवा जाड शिवण डोक्याला टोचते आणि टोपी खिशात जाऊन बसते. निव्वळ ॲक्रेलिकचा धागाही टाळावा, कारण वेल्डिंगची ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो.

गोव्याच्या उकाड्यात लोकरीची टोपी कशाला, असं विचारणारे भेटतातच. आज मुरगावला कोळसा उतरवणारं जहाज पुढच्या महिन्यात उत्तर चीनच्या गोठलेल्या बंदरात असू शकतं, आणि तिथे पहाटे दोर ओढायला हाच खलाशी उभा असतो.

बेळगावला समुद्र नाही, पण नातं जुनं आहे. १९५३ साली कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत झाला तेव्हा कारवारचा किनारा त्यातच होता. तो १९७६ मध्ये वेगळा झाला. खलाशांना भेटायला जाण्याची रीत त्याहून पुष्कळ आधीची. १८३५ च्या सुमारास जॉन अ‍ॅशली नावाचे अँग्लिकन धर्मगुरू ब्रिस्टलच्या खाडीत नांगरलेल्या जहाजांवर जाऊ लागले. त्यातूनच १८५६ मध्ये अँग्लिकनांची खलाशांसाठीची संस्था उभी राहिली. कॅथलिकांचं काम १९२० साली ग्लासगोत सुरू झालं. ते आज स्टेला मारिस या नावाने चालतं. धक्क्यावर मात्र कोण कुठल्या चर्चचा, याला फारसं महत्त्व उरत नाही. मेथॉडिस्ट आणि कॅथलिक एकाच गाडीतून गेले तर पेट्रोलही वाचतं.

[दृश्य: लोंढा जंक्शन. फलाटावर खोके.]

जहाज ‘येणार’ म्हणून तिकीट काढू नये. ‘लागलं’ असा निरोप आला की काढावं. यायची वेळ धक्का रिकामा होण्यावर, भरतीवर आणि हवामानावर सरकत राहते. कोळशाच्या मोठ्या जहाजाला घाई नसते. साठ-सत्तर हजार टन उतरवायला दोन-तीन दिवस सहज जातात. क्रूझ जहाज सकाळी येऊन संध्याकाळी निघतं आणि कर्मचाऱ्यांना दोन-तीन तासच मोकळे मिळतात. तिथे वर चढण्यापेक्षा गेटबाहेर गाडी उभी ठेवणं जास्त उपयोगाचं.

कॅसलरॉक ते कुळे हा रेल्वेचा घाट २६ किलोमीटरचा, चढ ३७ ला १. पावसाळ्यात दरड कोसळली की गाडी तासन्‌तास अडकते. चोर्ला घाटाने रस्ता जवळ पडतो, पण जुलैत धुक्यात समोरचा ट्रक दिसत नाही. म्हणून एक दिवस हाताशी ठेवूनच निघावं. बाहेर नांगरलेल्या जहाजाचा विचार पावसाळ्यात सोडून द्यावा. लाँच तिथपर्यंत जाणं बहुधा शक्य नसतं.

[दृश्य: बंदराचं गेट. हेल्मेट, रिफ्लेक्टर जॅकेट, सेफ्टी शूज.]

१ जुलै २००४ पासून जहाज आणि बंदर सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले आणि धक्क्यावर सहज जाणं संपलं. प्रवेशपास आधी काढावा लागतो. सोबतच्या सामानाची यादी दोन प्रतींत हवी, कारण खोके उघडून बघितले जातात. नाताळचा खोका असेल तर आत टोपी, साबण, टूथब्रश, खेळायचे पत्ते, वही, चॉकलेट. बेळगावचा कुंदा द्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. द्यावा, पण कारखान्यात बंद केलेला, तारीख छापलेला. घरचा दुधाचा माल उकाड्यात दोन दिवसांत आंबतो आणि बोटीवर पोट बिघडलं तर डॉक्टर नसतो. माणसं २२ असतील तर खोके २५ न्यावेत, सगळ्यांत सारखंच सामान. एकाला कमी पडला की बाकीच्या २१ जणांचा आनंद अवघडून जातो.

[दृश्य: जहाजाची शिडी, जवळून.]

इथे घाई नको. कोळसा उतरतो तसं जहाज हलकं होऊन वर उठत जातं. सकाळी आडवी वाटलेली शिडी संध्याकाळी जवळजवळ उभी झालेली असते. खालचा रोलर धक्क्यावर टेकलाय की हवेत लटकतोय, हे आधी बघायचं. लटकत असेल तर वरच्या पहारेकऱ्याला हाक मारायची, आणि त्याने शिडी नीट करून घेईपर्यंत पाय ठेवायचा नाही. शिडीखाली जाळी बांधलेली हवी. दोन्ही हात कठड्याला, पिशवी पाठीवर. खोका हातात धरून चढू नये. दोरी सोडायला सांगावं, ते वरून ओढून घेतात. क्रेनच्या ग्रॅबखालून, म्हणजे कोळसा उचलणाऱ्या पंजाखालून, जाणं तर नाहीच. वर पोचल्यावर वहीत नाव, वेळ, सही. ओळखपत्र दाखवून पाहुण्याचा बिल्ला गळ्यात घालायचा.

भेटायची जागा मेसरूम, म्हणजे जहाजावरची जेवणाची खोली, आणि वेळ सकाळी दहाचा किंवा दुपारी तीनचा चहा. जेवणाच्या वेळी गेलं तर रात्रपाळी केलेला माणूस झोप मोडून येतो. खलाशांच्या श्रमाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात २४ तासांत किमान १० तास विश्रांतीचा नियम आहे. ती आपण खाऊ नये.

आधी बाहेर काढायची ती वायफायची डबी. पोलादी भिंतींत सिग्नल मरतो, म्हणून डबी टेबलावर न ठेवता पोर्टहोलच्या, म्हणजे गोल खिडकीच्या, काचेला टेकवायची. आठ-दहा फोन जोडले की वेग बसतो, तेव्हा दोन डब्या न्याव्यात. स्वतःच्या नावावरचं सिम खलाशाला देणं नियमात बसत नाही, मग तो कितीही गयावया करो. त्याचे डॉलर बदलून देणं, घरी पैसे पाठवायला घेणं, त्याने प्रेमाने दिलेली सिगारेटची पाकिटं गेटबाहेर नेणं, हेही नाही. कस्टमवाले पिशवी तपासतात, आणि एका पाकिटापायी सगळ्यांचे पास जाऊ शकतात.

बायबल, जपमाळ मागेल त्याला. मेसच्या टेबलावर ठेवून गप्प बसावं. जहाजावर हिंदू, मुसलमान, कुठलाच धर्म न मानणारे असे सगळे असतात आणि त्यांना पळून जायला जागा नसते. अशा माणसाला उपदेश करणं आम्हाला तरी असभ्य वाटतं. फिलिपिनो मंडळी बहुधा स्वतःच मिस्सा (कॅथलिकांचा प्रार्थनाविधी) मागतात. फादर सोबत असतील तर ती मेसमध्येच होते, अर्ध्या तासात. बोटीवर कुणी मेलं असेल, तर त्याची केबिन आशीर्वाद देऊन शुद्ध करून द्या असं इतर धर्माचेही म्हणतात. कॅप्टनची परवानगी घेऊन ते जरूर करावं.

[दृश्य: जहाजातल्या गल्लीतला नोटिसबोर्ड.]

पगाराची तक्रार मेसमध्ये मोठ्याने बोलली जात नाही. कुणी हळूच ‘चार महिने झाले’ म्हणाला तर तिथे वाद घालू नये, कॅप्टनकडे तर जाऊच नये. जहाजाचं नाव, झेंडा आणि जहाजाची ओळख असलेला सात आकडी आयएमओ नंबर लिहून घ्यायचा; तो जहाजाच्या पाठीमागे रंगवलेला असतो. नोटिसबोर्डवर विमा कंपनीचं आर्थिक हमीपत्र लावलेलं असतं. १८ जानेवारी २०१७ पासून ते बंधनकारक आहे. दोन महिने वा जास्त पगार थकला तर मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं मानलं जातं, आणि त्या हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळू शकतो. विमा कंपनीचा पत्ता-फोन त्या कागदावरच असतो. पुढचं बोलणं जहाजाबाहेरून, आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या निरीक्षकाशी किंवा डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या (डीजी शिपिंग) सरकारी कार्यालयाशी. ‘पगार मिळवून देतो’ असा शब्द स्वयंसेवकाने कधी देऊ नये.

[दृश्य: खानापूर तालुक्यातलं चर्च. मागच्या बाकावर कॉलेजची मुलं.]

खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या पोरांना ‘बोटीवर लावतो’ म्हणत पैसे मागणारे एजंट भेटतात. जहाजावर नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून फी घेणं २००६ च्या सागरी श्रम करारात मना आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. खलाशाच्या पदरचा खर्च म्हणजे पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि वैद्यकीय प्रमाणपत्र. व्हिसासुद्धा मालकाने काढायचा असतो. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना हवा, आणि परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. परवान्याची झेरॉक्स दाखवली म्हणून विश्वास ठेवू नये. नंबर, कंपनीचं पूर्ण नाव आणि परवान्याची मुदत, तिन्ही यादीशी जुळवून बघावीत. आईबापांनी जमीन गहाण टाकायच्या आधी.