लाकडावरच्या बुरशीचं नाव कसं ठरतं

मंडळी, पावसाळा लागला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पडलेल्या ओंडक्यांवर, आणि आपल्या सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्यावरही, फळीसारख्या कडक बुरश्या दिसू लागतात. फोटो काढून लोक विचारतात, ‘ही नवी जात आहे का?’ विचारायलाच हवं. पण नुसत्या फोटोवरून उत्तर देता येत नाही, कारण बाहेरचं रूप फसवं असतं.

स्वीडनचे बुरशीतज्ज्ञ एलियास फ्रीस यांनी १८२१ पासून बुरश्यांची जी मांडणी केली, ती मुख्यतः या रूपावर होती: खालच्या अंगाला छिद्रं आहेत, दाते आहेत, की सपाट आहे. ती दीर्घकाळ टिकली. पुढे डीएनएने दाखवलं की छिद्रं एकमेकांशी दूरचं नातं असलेल्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे उपजली आहेत. म्हणून आत शिरावं लागतं. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९३२ मध्ये, बुरशीचं अंग ज्यांनी बनतं त्या बारीक तंतूंचे प्रकार वेगळे केले: काही बुरश्यांत एकाच प्रकारचे तंतू, काहींत दोन, काहींत तीन. पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसतं. बीजाणूंची लांबी-रुंदी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजायची, आयोडीनने ते निळे होतात का पाहायचं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब पडताच बुरशीचा तपकिरी गर काळा पडला, तर हायमेनोकीटेसी कुळाकडे वळायचं. मला हे काम फार प्रिय आहे. एका थेंबात शोधाची दिशा बदलते.

लाकूडही वाचायचं असतं. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन बुरशीने खाल्लं की ते पांढरट, तंतुमय होतं. लाकडातले धागे ज्याचे असतात ते सेल्युलोज खाल्लं गेलं आणि लिग्निन उरलं की तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटतं.

२०१२ मध्ये आयटीएस नावाचा डीएनएचा तुकडा बुरशांची अधिकृत ओळखखूण ठरला. पण जुळवायचं कशाशी? ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ हे बुरशीचं नाव इंग्लंडमधल्या नमुन्यावरून आलं. आशियातल्या लिंगझी या औषधी बुरशीलाही वर्षानुवर्षं तेच चिकटलं होतं, आणि ती वेगळी जात निघाली. चुकीच्या नावाने जमा झालेला डीएनएचा क्रम पुढच्या माणसालाही चुकवतो. माझ्या मते आपल्याकडच्या नोंदींतलं पहिलं काम हेच आहे: जुनी नावं पुन्हा तपासणं.

नवी जात जाहीर करायची तर मूळ नमुना वाळवून संग्रहालयात ठेवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला आजरेकर संग्रह त्यासाठीच आहे. २०१३ पासून नावाची नोंदणीही सक्तीची आहे.

तेव्हा तुकडा मिळाला तर प्लास्टिकमध्ये कोंडू नका, कुजतो. कागदी पाकिटात घाला, मंद उष्णतेवर वाळवा, आणि वर झाडाचं नाव, जागा, तारीख लिहा. झाडाचं नाव तर हमखास राहून जातं. उद्यानात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नका; सोसायटीत छाटलेल्या फांद्यांपासून सुरुवात करता येईल.