क्वेरसेटिनची कॅप्सूल घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कांद्याच्या माळा घ्यायला झुंबड उडते. पावसाळ्याचं पुरुमेंत, म्हणजे साठवणीचं सामान, भरायचं असतं ना! या लाल कांद्यात क्वेरसेटिन नावाचं फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत सापडणारं एक द्रव्य, असतं. सगळ्यात जास्त असतं ते बाहेरच्या पदरांत, म्हणून कांदा सोलताना सुकी साल काढा आणि तिथंच थांबा. गोकुळाष्टमीला आपण आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी करतो, त्या पाल्यातही ते आहे.

कोविडच्या काळापासून हेच क्वेरसेटिन कॅप्सूलमधून घराघरांत पोचलं. एका कॅप्सूलमध्ये बहुधा 500 मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या जेवणातून मिळतं त्याच्या कितीतरी पट. त्याचा उपयोग काय? काही आठवडे एवढा डोस घेतलेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी तीन-चार अंकांनी उतरलेला दिसला. बाकी सर्दी, ॲलर्जी, कर्करोग यांबद्दल जे ऐकू येतं, ते बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे. पोटात गेलेलं क्वेरसेटिन आतडं आणि यकृत लगेच बदलून टाकतात. काचेच्या नळीतला परिणाम शरीरात तसाच येत नाही. बाटलीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावं लागतं. ती ओळ जरूर वाचा.

निरोगी माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅमपर्यंत, दोन-तीन महिने, सहसा त्रास होत नाही. कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या हातापायांना मुंग्या येतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र घेऊ नये.

मला खरी काळजी आहे ती वेगळ्याच घरांची. हृदयाची झडप बदललेली आजी रोज वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, घेते, आणि तिच्या भल्यासाठीच मुलगा ही बाटली आणून देतो. यात वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड बदललेल्यांना, शरीरानं ते नाकारू नये म्हणून, सायक्लोस्पोरिन देतात, त्याचं रक्तातलं प्रमाणही बिघडू शकतं. ‘झाडपाल्याचंच आहे’ म्हणून ही गोळी डॉक्टरांना कुणी सांगत नाही, आणि डॉक्टरांनाही विचारायचं सुचत नाही.

तेव्हा बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या आरोग्य केंद्रात जाताना बाटलीच सोबत न्या. वॉरफरिन चालू असताना ही गोळी आधीच सुरू केली असेल, तर आजच डॉक्टरांना कळवा, पुढच्या तारखेची वाट न बघता आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी, करून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा कारण नसताना अंगावर निळे डाग दिसले, तर तडक रुग्णालय गाठा.