दहा किलो सहाशे

(दृश्य: सायकल दुरुस्तीचं दुकान. छताच्या हुकाला डिजिटल काटा, काट्याला सीटच्या टोकानं लटकलेली रोड बाइक.)

काट्यावरचा आकडा थोडा हेलकावतो आणि १०.६ वर थांबतो. अॅल्युमिनियमची फ्रेम, आठ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), कारखान्यातून आली तशीच चाकं. पुण्यात रोड बाइकची सुरुवात बऱ्याच जणांची अशाच सायकलनं होते. आणि एकदा सिंहगड चढून आलं, की ही हलकी कशी करायची, हा किडा डोक्यात शिरतो.

या सायकलच्या मालकानं उत्तर ठरवूनच आणलंय. मोबाइलवर कार्बनच्या चाकांचा फोटो उघडा आहे.

“काका, आधी चाकंच बदलू या ना?”

“आधी स्टँड काढ,” काका म्हणतात.

स्टँड निघतो. मग कॅसेटमागची प्लॅस्टिकची चकती, सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांड्याला, गुंडाळलेलं कुलूप, सीटखालच्या पाउचमधला कधीही न लागणारा जड पाना. अर्धा किलो उतरला आणि पैसा एक खर्च झाला नाही. रिफ्लेक्टर मात्र काका काढू देत नाहीत. अंधारात निघणाऱ्या माणसानं तेवढे ग्रॅम मुकाट वाहावेत.

(दृश्य: पहाटेचा सिंहगड रस्ता. धायरी फाटा, खडकवासल्याची भिंत, डोणजे, गोळेवाडीचा नाका.)

वजनाचा खरा हिशेब इथं, नाक्यापुढं सुरू होतो. खडकवासल्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर तुम्हाला अडवते ती हवा, किलो-ग्रॅम तिथं फारसे मोजलेच जात नाहीत. नाक्यानंतर मात्र नऊएक किलोमीटरांत सुमारे ६०० मीटर चढायचं असतं.

समजा, माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, आणि पायांत सलग २०० वॅट. नुसती ती उंची गाठायलाच ३९ मिनिटं लागतात, टायरचं घर्षण आणि वारा वेगळा. आता सायकलचं एक किलो कमी करा. किती वाचले? जेमतेम अर्धा मिनिट.

सोबत्याच्या मागे दहा फूट राहून वर पोचणाऱ्याला अर्ध्या मिनिटाची किंमत विचारा! पण ती किती रुपयांना घ्यायची, हे आधी ठरवलेलं बरं. पाण्याची दुसरी बाटली घरी ठेवली तरी पाऊण किलो वाचतोच. एप्रिलमध्ये हा उद्योग करू नये.

(दृश्य: दुकान. टायर रिमवरून सुटताना, जवळून.)

काकांचा क्रम साधा आहे: जे झिजलंय आणि तसंही बदलायचंच आहे, त्याच्यापासून सुरुवात. या सायकलचा मागचा टायर मधोमध चपटा झालाय. तो रिमवरून सोडवला की कडेची पोलादी तार बोटांना लागते. असा तारेचा टायर साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. फोल्डिंग टायरच्या कडेत तारेऐवजी अरामिड या चिवट कृत्रिम तंतूचा धागा असतो, म्हणून त्याची घडी होते आणि वजन सव्वादोनशेपर्यंत येतं. जोडीमागे अडीचशे ग्रॅम.

पण चांगल्या टायरचे पैसे मी वजनासाठी देणार नाही. त्याचं रबर आणि त्याखालचा कापडी सांगाडा जास्त लवचिक असतो, त्यामुळे रस्त्यावर लोळताना त्याची ताकद कमी वाया जाते. सपाटीवर बऱ्या वेगात दोन टायर मिळून दहा-पंधरा वॅट सहज वाचतात. घाटातही फायदा होतो, सपाटीवरही. एवढं कामाचं दुसरं काही या दुकानात नाही.

मग ट्यूब. नेहमीची ब्युटाइल ट्यूब शंभर ग्रॅमची. टीपीयूची, म्हणजे पातळ प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची, चाळीसच्या आत. हातात घेतली तर खाऊच्या पिशवीची आठवण यावी अशी. दोन ट्यूबमध्ये सव्वाशे ग्रॅम गेले, खर्चही आवाक्यातला. गोम पुढं आहे. हिला नेहमीचं सोल्यूशन आणि रबराचा पॅच चालत नाही, वेगळा पॅच लागतो. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यानं ती उलटसुलट बघून परत दिली तर त्याचा दोष नाही. जादा ट्यूब म्हणून पाउचमध्ये जुनी ब्युटाइलच ठेवा.

(दृश्य: सीटपोस्ट बसवताना काकांचे हात.)

सीट आणि सीटपोस्ट मिळून आणखी दोन-सव्वादोनशे ग्रॅम निघतात. सीट मात्र ग्रॅम बघून घेऊ नये, बसून बघून घ्यावी. कार्बनच्या सीटपोस्टला काका ग्रीस लावत नाहीत. एका छोट्या ट्यूबमधली खरखरीत पेस्ट बोटावर घेऊन फासतात. तिच्यातल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पोस्ट घसरत नाही. मग टॉर्क रेंच, म्हणजे ठरल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना. पोस्टवर ५ न्यूटन मीटर छापलंय, रेंचचा ‘टक्’ आवाज आला की हात थांबला पाहिजे. साध्या अॅलन कीनं अंदाजानं आवळणाऱ्याला कार्बन तडकल्याचं कळतं तेही उशिरानं.

एव्हाना सायकल साडेनऊ किलोवर आलीये.

“आता तरी चाकं?”

काका हसतात.

चाकाचं एक किलो म्हणजे फ्रेमचं दोन किलो, असं सायकलवाल्यांत सर्रास बोललं जातं. अर्धं खरं आहे. रिमवरचं वजन पुढंही ढकलावं लागतं आणि फिरवावंही लागतं, म्हणून वेग वाढवताना ते दुप्पट मोजलं जातं. एकसारख्या वेगानं घाट चढताना मात्र ते इतर वजनासारखंच. आणि वेग वाढवताना तरी किती फरक? नळ स्टॉपचा सिग्नल सुटला, तुम्ही शून्यावरून ताशी ३० किलोमीटरवर गेलात, रिमवर ४०० ग्रॅम कमी आहेत. वाचली साधारण २८ जूल ऊर्जा. २०० वॅटच्या हिशेबानं सेकंदाचा सातवा भाग.

कार्बनची खोल रिम हवा चांगली कापते, तो फायदा खरा आहे आणि तो सपाटीवरचा आहे. या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे पॅड थेट रिमवर घासतात. गडावरून उतरताना सतत ब्रेक धरून ठेवला तर अॅल्युमिनियमची रिम उष्णता बाहेर टाकते, कार्बनची तशी टाकत नाही. रिम तापली की तिचं रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे धरून ठेवणारा डिंकासारखा पदार्थ, मऊ पडू शकतं, आणि आतली टीपीयू ट्यूबही धोक्यात. ब्रेकचे पॅडसुद्धा वेगळे लागतात. अकरा गिअरच्या नव्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) आठ गिअरची कॅसेट चढवायची तर मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी, घालायचा, नाहीतर कॅसेट खुळखुळते.

चाकांचे पैसे फ्रेमपेक्षा जास्त होतात, ते वेगळंच.

ज्यांचं पोट यावर चालतं त्यांनाही एका मर्यादेपलीकडे सायकल हलकी करता येत नाही. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघानं, म्हणजे यूसीआयनं, २००० सालापासून शर्यतीच्या सायकलला किमान ६.८ किलोची अट घातली आहे. त्याहून हलकी सायकल जमली, तर अटीत बसवायला तिच्यात वजन टाकायची वेळ येते.

(दृश्य: कॅसेट, जवळून.)

मालक शेवटी मान्य करतो की शेवटच्या चढांवर त्याचे पाय जवळजवळ थांबतात. काका मागची कॅसेट बोटानं फिरवतात. सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची.

“३४ ची टाकू.”

“जड असेल ना ती?”

“असेल ऐंशी-शंभर ग्रॅमनं.”

त्याच वेगाला २८ वर मिनिटाला ५० वेळा फिरणारे पाय ३४ वर साठेक वेळा फिरतात, आणि गुडघ्यावरचा ताण त्या प्रमाणात उतरतो. मागचं डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ३४ पेलतं का, हे काका वाकून त्याच्यावरच्या नंबरावरून बघतात. पेलतं.

“चेन पण नवी लागेल,” ते म्हणतात. “जुनी आखूड पडेल.”