परीक्षा झाली, विमान अजून लांब

(वैमानिक होऊ पाहणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर निघाले आहेत. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, सगळ्यांत सत्तरच्या वर. मनापासून अभिनंदन. आता फ्लाइंग स्कूलमध्ये नंबर कधी लागतो याची वाट बघणं चालू आहे. कुणी बारामतीला जाणार, कुणी परदेशात. कुणाचं मेडिकल व्हायचंय, कुणाचं कर्ज मंजूर व्हायचंय. मला बोलायचंय ते या मधल्या महिन्यांबद्दल, कारण शिकलेलं सगळ्यात जास्त गळून जातं ते याच काळात.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग केले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती वेळानं किती विसरलं ते मोजायचं. विसरणं सुरुवातीलाच झपाट्यानं होतं, पुढे मंदावतं, असं त्याला दिसलं. मग 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा उतारा मिटून स्वतः आठवून लिहिणारे पुढे गेले. तुमच्या टेबलावरच्या नोट्स तिसऱ्यांदा वाचून जे समाधान मिळतं ते त्या पाच मिनिटांचं आहे.

त्यात आपली परीक्षा पर्यायांची. समोरच्या चारांतलं बरोबर उत्तर ओळखता येणं निराळं. कॉकपिटमध्ये पर्याय कुणी मांडून ठेवत नाही. प्रश्न काय आहे हेसुद्धा तुम्हालाच ओळखावं लागतं.

म्हणून माझा आग्रह आहे की अभ्यास पुस्तकातून काढून पुण्याच्या हवेत आणा. एक उदाहरण सावकाश करू. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,940 फुटांवर. प्रमाण वातावरणात, म्हणजे हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत, समुद्रसपाटीला 15 अंश, आणि दर हजार फुटांना साधारण 2 अंश कमी. म्हणजे लोहगावला 11 अंश असायला हवेत. मे महिन्यातली दुपार, पारा 40 वर. फरक 29 अंशांचा. दर अंशाला 120 फूट धरा, झाले 3,480. त्यात 1,940 मिळवा. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, आली सुमारे 5,400 फूट. कळसूबाईची उंची साधारण तेवढीच आहे! चाकं लोहगावच्या धावपट्टीवर, पण विमानाच्या लेखी तुम्ही कळसूबाईच्या माथ्यावरून उडताय. आणि हा हिशेब हवेचा दाब प्रमाणाइतका धरून केला; मे महिन्यात तो कमीच असतो, म्हणजे खरा आकडा याहून वरचा.

आता पुढचा प्रश्न स्वतःला विचारा: मग काय होईल? इंजिनाला हवा विरळ, ताकद कमी. प्रोपेलरची ओढ कमी. एअरस्पीड इंडिकेटरवर, म्हणजे वेग दाखवणाऱ्या तबकडीवर, तुम्ही नेहमीच्याच 55 नॉटला नाक उचलणार, पण खरा वेग दर हजार फुटांना साधारण 2 टक्क्यांनी जास्त, म्हणजे 60 च्या पुढे. तो गाठायला धावपट्टी जास्त लागणार, आणि उचलल्यावर विमान आळसावल्यासारखं चढणार. एका गणितात मेटिऑरॉलॉजी आली, इंजिन आलं, इन्स्ट्रुमेंट्स आली, परफॉर्मन्स आला. परीक्षेत हे वेगवेगळ्या पेपरांत विखुरलेलं असतं. हवेत ते एकदम अंगावर येतं.

रोज सकाळी पुण्याचा मेटार, म्हणजे विमानतळाचा सांकेतिक भाषेतला हवामान अहवाल, उघडा आणि डीकोडर न वापरता वाचा. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, त्यात साडेपाच तास मिळवा. समजा वारा 250 अंशांवरून 14 नॉट आहे आणि धावपट्टी 28, म्हणजे 280 अंशांच्या दिशेची. कोन 30 अंशांचा, त्याची साइन अर्धी, म्हणजे डावीकडून 7 नॉटचा आडवा वारा. मेटारमधली दिशा खऱ्या उत्तरेची आणि धावपट्टीचा आकडा चुंबकीय, हेही तेव्हाच आठवा. आपल्याकडे तो फरक अगदी थोडा आहे, पण परदेशात जाणाऱ्यांना तो छळेल. मग गच्चीवर जा आणि ढगांचा पाया मेटारमध्ये दिलाय तेवढा वाटतो का बघा.

पावसाळ्यात, 25 अंशांच्या दमट हवेत, कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरू शकतो हे तुम्ही वाचलंय. बाहेर उकडत असताना आत बर्फ! का, ते आईवडिलांना सांगून बघा. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, व्हेंच्युरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, दाब पडतो, तापमान झपाट्यानं उतरतं, हवेतलं बाष्प गोठतं. मग आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूच उतरायला लागतो आणि कारण लक्षात येत नाही. आईला पटलं तर तुम्हाला समजलंय. पालकांनाही विनंती आहे: विषय कळत नसला तरी ‘का’ विचारत राहा. जुन्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणून घ्यायचे, तसा रोज थोडा वेळ बसवा.

नुसतं पाठांतर आहे त्यासाठी एवढा घाट घालू नका. टॉवरचा न लुकलुकणारा लाल दिवा हवेत दिसला तर दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या चालू ठेवा. जमिनीवर दिसला तर थांबा. असल्या गोष्टी पत्त्याएवढ्या कार्डांवर लिहून खिशात ठेवा, पीएमपीच्या बसच्या रांगेत उलटसुलट करा. रेडिओवरचं बोलणं मात्र मनातल्या मनात चालत नाही, ते मोठ्यानं म्हणा. दोघं मिळून करा: एक टॉवर, एक पायलट, आणि रीडबॅकमध्ये, म्हणजे टॉवरची सूचना परत म्हणून दाखवताना, शब्द गळला की पुन्हा पहिल्यापासून.

प्रवेशाची तारीख हातात आली की हे सगळं थोडं बाजूला ठेवा आणि स्कूलला विचारा, पहिलं विमान कोणतं? सेसना 152 की 172, आणि कोणतं मॉडेल? 172 च्या जुन्या मॉडेलांना कार्ब्युरेटर आहे, नव्यांना फ्युएल इंजेक्शन. त्याच विमानाची हँडबुक मागून घ्या आणि आधी दोनच प्रकरणं उघडा: मर्यादांचं आणि आणीबाणीचं. इंजिन बंद पडल्यावर घसरत उतरायचा वेग किती, तो आकडा झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. बाकीची पानं इन्स्ट्रक्टरबरोबर बसून वाचता येतील.