मासे कुठायत?

समोर दिसतेय ती खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठीची तीन फुटी काचेची टाकी. दीड फूट रुंद, दीड फूट उंच. आत पाणी आहे, पांढरी वाळू आहे, खडक आहेत. मासा एकही नाही. डोंबिवलीच्या या घरात तीन आठवडे येणारा-जाणारा मला एकच विचारतोय, "मासे कुठायत?"

आधी समुद्र तर येऊ दे.

समुद्र म्हणजे जुहूहून कॅन भरून आणलेलं पाणी नव्हे. मुंबईच्या किनाऱ्याला काय काय येऊन मिळतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून समुद्र घरीच कालवायचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, ते थेट चालत नाही. पिण्याच्या आरओचंही बेभरवशाचं, कारण बरीच यंत्रं चवीसाठी क्षार परत मिसळतात. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसेपर्यंत गाळलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात मत्स्यालयाचं मीठ, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. आमटीतलं मीठ नाही हं. समुद्रात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं, ते त्या पुडीत कुठून येणार?

आता हे जवळून बघा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायची नळी. तिच्या काचेवर थेंबभर पाणी, वर झाकण, आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं. दोन्हींची सीमा १.०२५ वर, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या घनतेवर, आली की जमलं. माझी पहिली बादली १.०३० दाखवत होती. मीठ मोजायचा काटा स्वयंपाकघरातला, आणि वर मूठभर जास्तीचं माझ्या हौसेचं.

मग टाकीत पडली एक कोलंबी. कच्ची, बाजारातली. आई मालवणची. ती दारातूनच म्हणाली, "इतके पैशे घालून सुंगटां कुजवतंस?"

हो, कुजवतोय. कुजताना अमोनिया सुटतो. तो खाऊन जगणारे जिवाणू खडकांवर, वाळूवर हळूहळू वस्ती करतात. एक जमात अमोनियाचा नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचा नायट्रेट. पहिले दोन्ही माशाला विष. त्यातही खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर, आणि पीएच चढला की अमोनिया जास्त जहाल होतो. गोड्या पाण्यातला मासा जिथे तग धरेल तिथे समुद्रातला मरतो. या वस्तीला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच रविवारी क्रॉफर्ड मार्केटमधून मासे घेऊन येणाऱ्याचे मासे बहुधा इथेच मरतात, आणि दोष दुकानदाराला मिळतो.

रोज संध्याकाळी परीक्षानळीत थेंब टाकायचे. पिवळं पाणी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया आहे. आठवडाभर गडद हिरवं. मग एके दिवशी पिवळं, आणि शेजारची नायट्राइटची नळी जांभळी. अशा वेळी काचेवर तपकिरी साय धरते. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. घाबरून सगळं धुऊन काढू नका, नाहीतर पुन्हा कोलंबी.

खडकांबद्दल एक. हे कोरडे खडक आहेत, समुद्रातून उचललेले जिवंत प्रवाळ-खडक नव्हेत, आणि ते मुद्दाम. आपल्या समुद्रातली प्रवाळं आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कोणी काउंटरखालून पिशवी काढून दाखवली तर हात जोडून बाहेर पडा.

सहाव्या आठवड्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. आता आले हे दोघे, क्लाउनफिश, पैदास केंद्रात जन्मलेले. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, तेव्हा समुद्रातून धरून आणलेला हट्टाने मागायचं कारण नाही. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंबथेंब, तासभर. जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला मोठा पुढे मादी होतो. कोण होणार, त्याची ढकलाढकली दुसऱ्याच दिवशी सुरू झाली.

आणि मे महिना. पाणी ३१ अंशांवर. चिलर परवडला नाही, म्हणून टाकीवर पंखा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण तितकंच झपाट्याने उडतंही. उडतं ते पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून घालायचं ते गोडं, गाळलेलं पाणी.

काचेवरची ही मार्करची रेघ आईने मारलीय. पाणी तिच्याखाली गेलं की सकाळी चहाच्या आधी ती तांब्याने भर घालते. परवा पाहुणे आले. त्यांनी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "थय खडकामागे बघा."