किती काढायचं, किती ठेवायचं

(दृश्य: मॉनिटरवर नाकाच्या आतली ओलसर पोकळी)

४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण डाव्या नाकपुडीत शिरलीय. पडद्यावर डावीकडे सरळ भिंत दिसतेय, तो नाकाचा मधला पडदा. उजवीकडून त्याला जवळजवळ टेकलेला फिकट, निळसर झाक असलेला उंचवटा म्हणजे खालचा टर्बिनेट. हवेला जायला उरलीय ती जेमतेम फट. हा फुगलेला टर्बिनेट लहान करायचं हे ऑपरेशन.

टर्बिनेट सगळ्यांनाच असतात, दोन्ही बाजूंना तीन-तीन. आत पातळ हाड, वर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेलं अस्तर. दिवसाकाठी आपण सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो. ती कोमट आणि दमट करायचं, तिच्यातली धूळ अडवायचं काम बरंचसं हे अस्तरच करतं. या रक्तवाहिन्या आलटून-पालटून भरतात आणि ओसरतात. काही तास एक बाजू जास्त मोकळी, मग दुसरी. चंद्रस्वर-सूर्यस्वर मानणाऱ्यांना हे नवं नाही. जर्मन डॉक्टर रिचर्ड कायझर यांनी १८९५मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्यामुळे रात्री एक नाकपुडी चोंदली, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

सूज उतरायचं नावच घेत नाही, तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. बहुतेकदा मुळाशी ॲलर्जी असते. मधला पडदा एकीकडे वाकडा असेल तर दुसरीकडच्या मोकळ्या जागेत टर्बिनेट वाढत जातो. आणि एक कारण उशाखालीच सापडतं: नाक मोकळं करणारे ड्रॉप्स. चार-पाच दिवसांसाठी आणलेली बाटली वर्षानुवर्षं चालू राहते. असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा दोन थेंब. "ड्रॉप्स किती दिवस घालताय?" या प्रश्नावर पेशंट गप्प बसतो आणि उत्तर बायको देते, हे ओपीडीतलं नेहमीचं दृश्य.

ऑपरेशनची पाळी सगळ्यांवर येत नाही. आधी स्टिरॉइडचा स्प्रे, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, ॲलर्जीच्या गोळ्या. काही आठवडे नेटाने करूनही फरक पडला नाही, तरच पुढचा विचार.

(दृश्य: जुनी शस्त्रक्रियेची हत्यारं)

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्जन कात्री घेऊन टर्बिनेट सरळ कापून काढत. वाट अडवणारी वस्तू काढली की वाट मोकळी, इतका साधा हिशेब. रक्त बरंच जायचं. अनेकांना आराम पडला, पण काहींचं नाक आतून कोरडं पडलं, खपल्या धरू लागलं. १९९४मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये यूजीन कर्न आणि मोनिका स्टेनक्विस्ट यांनी या अवस्थेला नाव दिलं, एम्प्टी नोज सिंड्रोम. सीटी स्कॅनमध्ये नाक ऐसपैस दिसतंय आणि पेशंट म्हणतोय, श्वासच मिळत नाही! पूर्वी अशांना वेड्यात काढलं जायचं, आणि ते अन्यायाचं होतं. कारण हवा आत येतेय हे आपल्याला कळतं ते अस्तराला लागणाऱ्या गारव्यामुळे. पेपरमिंट चघळल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं तेही यामुळेच. वाट तेवढीच असते, गारव्याची जाणीव वाढलेली असते. अस्तरच गेलं, तर हवा आत येऊनही ती जाणवणार कशी?

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, पुन्हा मॉनिटर)

म्हणून आता अस्तर राखायचं आणि आतला भाग कमी करायचा. ॲड्रेनलिन मिसळलेलं इंजेक्शन दिलंय, टर्बिनेट पांढुरका पडलाय. पुढच्या टोकाला बारीक छेद. अस्तर हाडापासून सोडवून आत एक खिसा तयार केलाय. त्या खिशात मायक्रोडिब्रायडरचं दोन-तीन मिलिमीटरचं फिरतं पातं जातं. ते सुजलेला गर खरवडतं आणि लगेच ओढून घेतं. बाहेरचं अस्तर शाबूत. बघा, उंचवटा बसत चाललाय. सर्जनचा हात मध्येच थांबतो, दुर्बीण मागे येते, पुन्हा अंदाज घेतला जातो. शेवटी टर्बिनेटचं हाड आधी आत आणि मग बाहेरच्या बाजूला ढकलतात. कट्‌ असा बारीक आवाज येतो. फटीची वाट झाली.

इटलीतल्या सिएना इथे पस्साली आणि सहकाऱ्यांनी ३८२ रुग्णांवर सहा निरनिराळ्या पद्धती वापरून सहा वर्षं पाठपुरावा केला. २००३मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात अस्तराखालून गर काढून हाड बाहेर सरकवण्याची हीच जोडी सरस ठरली. रेडिओफ्रीक्वेन्सीची, म्हणजे रेडिओलहरींनी आतून तापवणारी सुई टोचून आतला भाग आकसवण्याची पद्धतही आहे. नुसती जागा बधिर करून होते, अनेकदा पेशंट त्याच दिवशी घरी जातो.

पहिला आठवडा मात्र कुरकुरीचा. सुजेमुळे नाक आधीपेक्षा जास्त बंद वाटतं, खपल्या धरतात. जोरात शिंकरायचं नाही, मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चारदा धुवायचं. खपल्या डॉक्टरच साफ करतात. बोटाने काढायला गेलं की रक्त येतं. ॲलर्जी ऑपरेशनने जात नाही, तिचा स्प्रे पुढेही लागू शकतो. आणि ड्रॉप्सची ती बाटली घरी परतायच्या आत कुणाला तरी फेकून द्यायला सांगावी.