चौथा बिंदू

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. तिथे कुलगुरूंच्या खुर्चीत पहिली बाई बसली ती १९८६ मध्ये, डॉ. मेहरू बंगाली. म्हणजे १२९ वर्षं गेली. ही त्यातल्या त्यात पुढारलेल्या शहराची गोष्ट. अलीगढला पहिली महिला कुलगुरू यायला २०२४ उजाडलं.

आता दुसरा आकडा बघा. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२०-२१ साली देशभरात साधारण साडेपंधरा लाख शिक्षक होते आणि त्यांत स्त्रिया होत्या जवळपास ४३ टक्के. ऐकून बरं वाटतं. पण हे सगळे शिक्षक एकत्र मोजले म्हणून. पदनामाप्रमाणे वेगळे करा, सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक, आणि प्रत्येक पायरीला बायका गळत जातात. दलित-आदिवासींचंही तेच. स्टाफरूममध्ये सगळी माणसं दिसतात. विभागप्रमुखांच्या केबिनबाहेरच्या पाट्या वाचत गेलात की आडनावं कमी कमी होत जातात.

जुनी उदाहरणं तुम्हाला पाठ आहेत. बाबासाहेब १९१८ साली सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्वत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती, तरी पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरबुर केलीच. कमला सोहोनींना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी १९३३ साली आधी प्रवेशच नाकारला, का, तर मुलगी म्हणून. पुढे त्या केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या, पण ते पद त्यांच्या वाट्याला उशिराच आलं. ह्या कथा आपण कौतुकाने सांगतो. त्यामुळे एक घोटाळा होतो: अडवणूक म्हणजे कुणीतरी तोंडावर ‘नाही’ म्हणणं, असं आपल्याला वाटू लागतं. आज तसं कुणी म्हणत नाही. गरजच पडत नाही, हिशोबच तसा मांडता येतो.

त्यासाठी बिंदुनामावली, म्हणजे कितवी जागा कुठल्या प्रवर्गाला राखीव हे ठरवणारी क्रमवार यादी, समजून घ्यायला हवी. विषय रुक्ष आहे, पण इथे जरा थांबू या. केंद्रीय विद्यापीठांत ओबीसींना २७ टक्के, म्हणजे साधारण दर चौथी जागा. अनुसूचित जातींना १५ टक्के, म्हणजे सातवी. अनुसूचित जमातींना साडेसात टक्के, म्हणजे चौदावी. प्रश्न असा, की चार, सात आणि चौदा हे मोजायचं कुठून? अख्ख्या विद्यापीठाच्या जागा एकत्र मोजल्या तर हे आकडे सहज गाठले जातात. विभागवार मोजल्या तर? एका विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी, चार सहायक, असा ढोबळ साचा असतो. एकुलत्या पदाला आरक्षण लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ सालीच सांगितलंय. म्हणजे प्राध्यापकपद कायमचं खुल्या प्रवर्गाचं. सहयोगींच्या दोन जागांत माणसं निवृत्त होत होत चौथा बिंदू यायची वाट बघायची. आदिवासी उमेदवाराने चौदाव्याची. तेवढ्यात त्याची नातवंडं नेट-सेट होतील!

ही काल्पनिक भीती नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये विभाग हाच घटक धरायला सांगितलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने मार्च २०१८ मध्ये तसं पत्रक काढलं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. मग आंदोलनं झाली, मार्चमध्ये वटहुकूम आला, जुलैमध्ये कायदा झाला आणि केंद्रीय संस्थांपुरता तरी संस्था हाच घटक पुन्हा आला. राखीव जागा कागदावरून कमी करण्यासाठी कुणाला जातीयवादी असावं लागलं नाही. बेरीज कुठून सुरू करायची, एवढंच बदललं.

पण कायद्यातही शब्द आहे ‘थेट भरती’. आपल्याकडे बरेचसे प्राध्यापक थेट भरतीने होतच नाहीत. ते ‘कॅस’मधून, म्हणजे नोकरीतल्याच बढतीच्या योजनेतून, वर सरकतात: वर्षं भरली, गुण भरले, समिती बसली, झाले प्राध्यापक. तिथे बिंदू नाही. विभागप्रमुख, अधिष्ठाता, कुलगुरू यांच्या बाबतीत तर आरक्षणाचा प्रश्नच येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: विद्यापीठात जसजसं वर जावं तसतसा नियम पातळ होतो आणि मर्जी दाट.

मर्जी कशी चालते ते जवळून सांगते. निवड समितीत कुलगुरू असतात, कुलपतींचे प्रतिनिधी, तीन बाहेरचे विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख. उमेदवारांत मागास प्रवर्गातलं किंवा बाई कुणी असेल आणि समितीत तसं कुणी नसेल, तर एक प्रतिनिधी घ्यावा लागतो. मी त्या जागेवर बसलेली आहे. मी मराठीची, आणि मुलाखत रसायनशास्त्राची! काजू आणि चहा येतो, फायली फिरतात. मी विचारणार काय? तज्ज्ञ विचारतात, “गाइड कोण?” एका उमेदवाराने नाव घेतलं आणि दोघा तज्ज्ञांच्या माना एकदम डोलल्या. पुढची मुलगी तालुक्याच्या कॉलेजातली. तिच्या गाइडला त्या खोलीत कुणी ओळखत नव्हतं. तिला संशोधनावर एक प्रश्न आला. बाकीचे: इतक्या लांब कसं जमवणार, मिस्टर काय करतात, इंग्रजीत सांगा ना जरा. शेवटी शेरा पडतो, ‘योग्य उमेदवार आढळला नाही’. जागा राखीव होती, ती राखीवच राहिली आणि रिकामीही.

“मग गुणवत्तेचं काय?” हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेते. २०१८च्या नियमांत प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध आणि १२० संशोधनगुण लागतात. आत आलेला प्रत्येक जण हे करून आलेला असतो. मग उरते ती प्रतिष्ठा, आणि तिचाही भाव ठरलेला आहे. परदेशी प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, देशी प्रकाशकाच्या पुस्तकाला १०. कागदावर फरक दोनच गुणांचा. खोलीत तो फार मोठा होतो. ओव्यांवर आयुष्य घालवलेल्या बाईला ‘लोकसाहित्य करतात’ म्हणतात, परदेशी सिद्धान्त उलगडणाऱ्याला ‘विद्वान’.

आणि वर पोचलेल्यांना काय मिळतं? बायकांना महिला अध्ययन केंद्र, अंतर्गत तक्रार समिती, मुलींचं वसतिगृह. दलित प्राध्यापकाला समान संधी कक्ष, नाहीतर महापुरुषाच्या नावाचं अध्यासन. कामं मोलाची आहेत, मी त्यातली काही आनंदाने केली. पण अभ्यासक्रम ठरतो अभ्यास मंडळात आणि पैसे ठरतात व्यवस्थापन परिषदेत. तिथे यांना बोलावणं कधीमधी.

सगळ्यात प्रतिष्ठित संस्थांचं तर वेगळंच. २०१९च्या कायद्याच्या परिशिष्टात काही संस्थांना सूट आहे, आपल्या मुंबईतली टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात आहे. २०२० मध्ये एका सरकारी समितीने आयआयटींनाही अशीच सूट द्या म्हणून शिफारस केली. जितकी संस्था मोठी, तितका तिला नियमाचा जाच जास्त वाटतो, असं दिसतं.

तेव्हा तुमच्यापैकी जे अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, आहेत त्यांना माझी विनंती आहे. भाषणं पुष्कळ झाली. पुढच्या बैठकीत दोन कागद मागा. एक, बिंदुनामावलीची नोंदवही, संवर्गनिहाय, म्हणजे पदाच्या प्रत्येक पायरीची वेगळी. दुसरा, गेल्या पाच वर्षांत ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा जिथे जिथे पडला, तिथे कारण काय लिहिलं होतं आणि सही कुणाकुणाची होती.